कुंपणाने शेत खाल्लं त्याची गोष्ट

मागच्या मे महिन्यात आमच्या मागच्या अंगणातल्या झाडाने चमत्कार केला. म्हणजे निदान दोन दिवस मला तो चमत्कार वाटला. झाड लालगुलाबी फुलांनी नुसतं लगडलेलं, आणि डाव्या अंगाची एक जाडजूड फांदी मात्र पांढरीशुभ्र! एकाच झाडाला दोन रंगांची फुलं. मी वीस फोटो काढले, त्यातले चार घरच्या ग्रुपवर टाकले आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

दहा मिनिटांत बाबांचा फोन. "अरे, खुंट फुटलाय तो. काप."

आता गंमत अशी की बाबांनी आयुष्यात हॉथॉर्न पाहिलेला नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या सड्यावर हापूसची चाळीस कलमं, एवढंच त्यांचं विश्व. पण कलम ते कलम. खाली रायवळ आंब्याचा खुंट, वर हापूसची काडी. खुंटाने जोडाच्या खालून डोकं वर काढलं की ती फूट वेळच्या वेळी काढायची, नाहीतर चार-सहा वर्षांत हापूस मरतो आणि आपण रायवळाला खतपाणी घालत बसतो. हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. मी मात्र लॅपटॉप उघडून तासभर वाचल्यावर त्याच निष्कर्षाला आलो. (इंजिनियर असल्याचा हा तोटा. बाप सांगतो त्यावर विश्वास नाही, डॉक्युमेंटेशनवर आहे.)

तर या निमित्ताने जे वाचलं, त्यावर या शनिवारचा हा लेख. बागकामाबद्दल लिहायला बसलो होतो, पण गाडी भलत्याच स्टेशनात गेली. सांभाळून घ्या.

आमच्या अंगणातल्या झाडाचं नाव 'पॉल्स स्कार्लेट'. इंग्लंडमधल्या घरांच्या बागांतून शोभेसाठी जे हॉथॉर्न लावतात त्यातलं बहुधा सगळ्यात लाडकं. फार वाढत नाही, पाच-सहा मीटरवर थांबतं, थंडी-वारा-धूर सगळं सोसतं, आणि मे महिन्यात दोन-तीन आठवडे गुलाबाच्या बारक्या कळ्यांसारख्या दुहेरी फुलांचे घोस मिरवतं. गुलाबासारखी का, तर हॉथॉर्न गुलाबाच्याच कुळातला. सफरचंद आणि नासपती याची चुलत भावंडं.

इंग्लंडचे मूळ रहिवासी हॉथॉर्न दोन. एक क्रॅटेगस मोनोगायना, म्हणजे फळात एकच बी असलेला. हा कुंपणाचा, रानाचा, कुठेही वाढणारा. दुसरा क्रॅटेगस लेव्हिगाटा, फळात दोन-तीन बिया, पानं कमी कातरलेली, जुन्या रानांच्या सावलीत राहणारा. बागेतली लाल-गुलाबी मंडळी बहुतेक या दुसऱ्याच्या घराण्यातली. 'पॉल्स स्कार्लेट'ची जन्मकथा तर आमच्या हर्टफर्डशर परगण्यातलीच निघाली. १८५८ साली वॉल्थम क्रॉसजवळच्या एका बागेत गुलाबी दुहेरी फुलांच्या हॉथॉर्नला एका फांदीवर अचानक गडद लाल फुलं आली. झाडाच्या एका डोळ्यात आपोआप झालेला बदल. प्रॉडक्शनमध्ये कोणीतरी न सांगता कोड बदलावा आणि तो चक्क आधीपेक्षा चांगला चालावा, तसं! विल्यम पॉल नावाचे रोपवाटिकेचे मालक होते, गुलाबांवरच्या १८४८ सालच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेले. त्यांनी त्या फांदीची कलमं करून १८६०च्या दशकात झाड बाजारात आणलं. आज जगभर जितकी म्हणून 'पॉल्स स्कार्लेट' आहेत ती सगळी त्या एका फांदीचे तुकडे आहेत. बी लावून हे झाड मिळत नाही. डोळाच भरावा लागतो. आणि तो भरायला खाली खुंट कोणाचा? तर त्याच कुंपणातल्या साध्या मोनोगायनाचा.

म्हणजे आमच्या झाडात वर व्हिक्टोरियन बागेतली बाईसाहेब आणि खाली शेताच्या बांधावरचा गडी. दीडशे वर्षांपूर्वीची इंग्लंडची समाजव्यवस्थाच म्हणा ना.

बाईसाहेबांना मानही होता. जॉन लाउडन नावाच्या बागतज्ज्ञाने १८३८ साली ब्रिटनमधल्या झाडाझुडपांवर आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात त्याने हॉथॉर्नवर भरभरून लिहिलंय. एकही झाड नसलेल्या जागी पाठवलं आणि झाडांची एकच जात निवडायला सांगितली, तर याच्याइतकी सोय दुसऱ्या कोणात मिळणार, अशा अर्थाचं तो म्हणतो. पुढे अमेरिकेत तर हॉथॉर्नचं वेडच लागलं. बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटमचे चार्ल्स सार्जंट यांनी एकट्याने सातशेहून जास्त नवीन 'जाती' नोंदवल्या! नंतरच्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या बऱ्याचशा एकमेकांत विलीन करून टाकल्या. कारण हॉथॉर्नमध्ये फलनाशिवाय बी धरण्याची सवय आहे. एखादा बारीकसा फरक पडला की तो तसाच्या तसा पुढे चालू राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं नवीन जात सापडली. डेटाबेसमध्ये डुप्लिकेट रेकॉर्ड कसे होतात हे ज्याला माहीत आहे त्याला सार्जंटबद्दल सहानुभूतीच वाटेल.

असो. आता त्या खालच्या गड्याकडे येऊ. खरी गोष्ट त्याची आहे.

हॉथॉर्नमधल्या 'हॉ'चा मूळ अर्थच कुंपण. हॉलंडमधल्या हेग शहराच्या नावातही तोच शब्द दडलाय. इथले शेतकरी त्याच्या रोपाला 'क्विक' म्हणायचे. क्विक म्हणजे 'लवकर' नव्हे, 'जिवंत'. मेलेल्या काट्याकुट्यांची वई वेगळी आणि जिवंत झाडांची वेगळी. आमच्याकडे दरवर्षी काट्यांच्या फांद्या तोडून वई घालायची पद्धत होती, ती पहिल्या प्रकारातली. दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे शेर, निवडुंग, सागरगोटा. इंग्लंडात हॉथॉर्न.

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या मध्यभागातल्या कितीतरी गावांत शेतांना कुंपणंच नव्हती. मोठमोठी उघडी वावरं, त्यात प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या. पीक निघालं की सगळ्या गावाची गुरं त्यात चरायची. शिवाय गावाची पडीक जमीन. तिथे गरिबाची एखादी गाय, चार बदकं, सरपण, असं सगळं भागायचं. मग संसदेने गावागणिक कायदे करून ही सामायिक जमीन वाटून द्यायला सुरुवात केली. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० पेक्षा जास्त कायदे झाले आणि ६८ लाख एकर जमीन त्यात गेली. सगळ्यात जोर १७६० नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत.

पद्धत अगदी शिस्तशीर. आयुक्त यायचे, मोजणीदार यायचा, नकाशा व्हायचा, सरळ रेषेत रस्ते आखले जायचे. ज्याच्याकडे कागद त्याला त्याच्या हक्काच्या प्रमाणात एकत्र तुकडा. ज्याच्याकडे कागद नाही, नुसतीच बापजाद्यांपासूनची वहिवाट, त्याला बहुतेक वेळा काही नाही. आणि खरी मेख पुढे आहे. तुकडा मिळालेल्याने ठराविक मुदतीत स्वखर्चाने त्याला कुंपण घालायचं. चर खणा, बांध घाला, त्यावर हॉथॉर्नची रोपं लावा, ती मोठी होईपर्यंत गुरांनी खाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी कठडे उभारा. तुकडा जितका लहान तितका कुंपणाचा खर्च त्याच्या मानाने जास्त. (क्षेत्रफळ आणि परिमिती, सातवीचं गणित!) दहा-वीस एकरवाल्याला पाच एकरवाल्यापेक्षा सोपं, आणि पाचशे एकरवाल्याला तर काहीच नाही. कितीतरी लहान शेतकऱ्यांनी कुंपण परवडत नाही म्हणून मिळालेला तुकडा शेजारच्या बड्या मालकाला विकला आणि मजुरीला लागले.

आपल्याकडे 'कुंपणच शेत खातं' म्हणतो ते राखणदारच चोर निघाल्यावर. इथे शब्दशः कुंपणाने शेत खाल्लं.

ऑलिव्हर रॅकहॅम या भूदृश्याच्या इतिहासकाराचा अंदाज आहे की १७५० ते १८५० या शंभर वर्षांत इंग्लंडमध्ये सुमारे दोन लाख मैल कुंपण लावलं गेलं. एवढी रोपं आणायची कुठून? हॉथॉर्नचं बी भारी आळशी. कवच इतकं कठीण की पडल्यावर बहुधा दुसऱ्या वसंतात उगवतं. म्हणून फळं वाळूत मिसळून वर्षभर खड्ड्यात पुरून ठेवायची आणि मग पेरायची. यावर रोपवाटिकांचा मोठा धंदा उभा राहिला. शोभेच्या झाडांच्या व्यापाराला लागणारं कसब, खुंट आणि गिऱ्हाईक यांचा बराचसा पाया या कुंपणांनी घातला. जमीन एकत्र करून श्रीमंत झालेल्या माणसाला बाग हवी, बागेला लाल फुलांचं झाड हवं.

नॉर्दम्प्टनशरमधल्या हेल्पस्टन गावासाठी असा कायदा १८०९ साली झाला. त्या गावात जॉन क्लेअर हा शेतमजुराचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे तो मोठा कवी झाला आणि लहानपणीची मोकळी माळरानं कशी गेली याचं दुःख त्याने पुन्हा पुन्हा लिहिलं. शेवटची वीसेक वर्षं नॉर्दम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात काढून तो १८६४ साली वारला. म्हणजे लाल फुलाची ती फांदी फुटली तेव्हा तो जिवंत होता.

इथे एक आडवळण घेतो, कारण गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. जिवंत कुंपणाने माणसं अडवायची ही कल्पना इंग्रजांनी हिंदुस्थानात भयंकर प्रमाणावर वापरली. मिठावरचा कर चुकवता येऊ नये म्हणून पंजाबपासून मध्य प्रांतापर्यंत, आपल्या बऱ्हाणपूरच्या बाजूने वळून पुढे महानदीकडे, अशी जकातीची सीमा होती. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं काटेरी कुंपण वाढवलेलं. राखायला बारा हजारांवर माणसं. हे कुंपण जोपासण्यात ज्याचा मोठा हात होता तो जकात आयुक्त म्हणजे ॲलन ह्यूम. होय, १८८५ साली काँग्रेस स्थापन करणाऱ्यांपैकी तोच! १८७९ साली ती सीमा बंद झाली आणि कुंपण लोकांच्या स्मरणातून इतकं पुसलं गेलं की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला ते शोधत फिरावं लागलं. त्याचं पुस्तक २००१ साली आलं. जरूर वाचा.

हे सगळं मी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना उत्साहाने सांगत होतो. कागद असलेल्यांना जमीन, कागद नसलेल्यांना काही नाही, किती अन्याय वगैरे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला सडा पण तसाच होता."

मला काही कळेना. सडा आमचाच, सातबारा आमच्या नावाचा. "हो, कागद आपला. पण मी लहान होतो तेव्हा कुंपण कुठे होतं? वरच्या धनगरवाड्यातली माणसं म्हशी घेऊन यायची. पावसानंतर दोन-अडीच महिने गवत असायचं. आपले आजोबा कधी नाही म्हणाले नाहीत. उलट दिवाळीला ते तूप आणून द्यायचे."

"मग?"

"मग नव्वद साली रोजगार हमीतून फळबागेची योजना आली. कलमं लावली. गुरं कलमं खातात. चिऱ्याचा गडगा घातला सगळ्या बाजूंनी. तुझं इंजिनियरिंग त्या कलमांवर झालं."

"आणि ते धनगर?"

"दोन वर्षं येऊन गडग्यापाशी विचारून गेले. मग नाही आले. त्यांची पोरं मुंबईला गेली असणार." आणि थोडं थांबून, "मी कायद्याने काही चुकीचं नाही केलं."

मीही तसंच म्हणालो. खरंच नाही केलं. आणि चाळीस कलमं लावली नसती तर मी आज हर्टफर्डशरमध्ये बसून क्लेअरबद्दल हळहळत नसतो, हेही तितकंच खरं. तो फोन त्या दिवशी लवकर संपला.

आता झाडाकडे. ज्यांना कुठे थंड हवेत हॉथॉर्न लावायचाय त्यांच्यासाठी, अनुभवाने शिकलेलं थोडं. उघड्या मुळांचं रोप नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपलेलं असताना लावावं, स्वस्तही पडतं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, ही चूक आमच्या घराच्या आधीच्या मालकाने केली असावी, कारण आमच्या झाडाचा जोड जवळजवळ मातीत आहे. पहिले दोन उन्हाळे पाणी, नंतर काही लागत नाही. ऊन मात्र हवं, सावलीत फुलं कमी. फुलं जुन्या लाकडावर येतात, म्हणून दरवर्षी टकलू केलं तर हिरवं झुडूप मिळेल, फुलं नाहीत. छाटणी थंडीत. वसंत-उन्हाळ्यात पक्ष्यांची घरटी असतात, आणि वापरातलं घरटं मोडणं इथे गुन्हा आहे.

'पॉल्स स्कार्लेट'चं दुखणं म्हणजे पानांवर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी. पावसाळी वर्षात ऑगस्टमध्येच झाड निम्मं उघडं पडतं. गळलेली पानं झाडून काढायची, एवढाच घरगुती उपाय. हे सोसायचं नसेल तर 'क्रिमसन क्लाउड' लावा, ते या बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. दुसरं दुखणं गंभीर, फायर ब्लाइट. हा जिवाणू मूळचा अमेरिकेचा, १९५७ साली केंटमध्ये नासपतीवर पहिल्यांदा दिसला आणि मग हॉथॉर्नमध्येही शिरला. फांदीचं टोक जळाल्यासारखं काळं होऊन काठीच्या मुठीसारखं वाकतं. लगेच, दिसणाऱ्या रोगाच्या दोन फूट खालपर्यंत कापायचं आणि दर कापाला करवत निर्जंतुक करायची. मला अजून हा अनुभव नाही, आणि नको.

हां, आणि फुलं घरात आणू नका. इथले लोक अपशकुन मानतात, घरात कोणी मरतं म्हणतात. त्याला रासायनिक कारणही आहे. फुलांच्या वासात ट्रायमिथिलअमीन असतं, जे कुजणाऱ्या मांसातही तयार होतं. तेच मासळीच्या वासातही असतं. :-) बाबा या वर्षी मे महिन्यात आले तेव्हा पांढऱ्या फांदीखाली उभे राहून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "सुकटीसारखा वास येतोय रे." घरची आठवण आल्यासारखे दोनदा पुन्हा गेले वास घ्यायला.

तर ती पांढरी फांदी. नियम बाबा सांगतात तोच: खुंटाची फूट काढायची, जमलं तर मुळाशी ओढून फाडून, कारण कापली की आणखी फुटते. पण आमची फूट फूट राहिलेलीच नाही, मनगटापेक्षा जाड आहे. ती जोडापासून काढायची तर झाडाचा एक तृतीयांश भाग जाणार आणि खोडाला मोठी जखम राहणार. शेजारचे आजोबा चाळीस वर्षं बागकाम करतात, त्यांनी सांगितलं की एकदम काढू नकोस, दोन-तीन हिवाळ्यांत काढ. मग मागच्या नोव्हेंबरमध्ये मी तिच्या निम्म्या डहाळ्या काढल्या आणि जमिनीतून आलेल्या बारक्या फुटी उपटल्या. बाकी ठेवली.

जानेवारीत बर्फ पडला तेव्हा स्कँडिनेव्हियातून येणारे कस्तूरासारखे पक्षी अंगणात उतरले. दुहेरी फुलांना फळं जवळजवळ धरतच नाहीत, त्यामुळे लाल बाजूला त्यांच्यासाठी काही नव्हतं. सगळे पांढऱ्या फांदीवर. दोन दिवसांत फळं साफ. मे महिन्यात मधमाश्यांचंही तेच, दुहेरी फुलांच्या पाकळ्यांच्या गर्दीत त्यांना वाट सापडत नाही, सगळा गुंजारव डावीकडे.

बाबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्या बाजूला बसायचे. परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी विचारलं, या हिवाळ्यात उरलेली फांदी काढू का? ते उठून खोडाशी गेले, जोडावर अंगठा फिरवला, लाल बाजूच्या शेंड्यांची नवीन वाढ बघितली. "तशी कापायलाच हवी. पाच वर्षांत लाल मरेल तुझं." मग खुर्ची उचलून आत जाता जाता, "फोटो पाठव नोव्हेंबरात. बघून सांगतो."